ऐकणाऱ्यांचा आवाज : हौशी रेडिओ मंडळांच्या इतिहासाकडे पाहताना

१

मेहकर तालुक्यातल्या डोणगावसारख्या गावाचा रेडिओशी संबंध कोणता, असा प्रश्न केला तर उत्तर एका शब्दात देता येईल : श्रोत्याचा. वऱ्हाडातल्या बहुतेक गावांना हे उत्तर लागू पडते. आवाज नेहमी बाहेरून आला. कधी नागपूरहून, कधी मुंबईहून, कधी दिल्लीहून, तर कधी थेट सिलोनहून. गावाकडून त्या आवाजाला गेलेले उत्तर म्हणजे पोस्टकार्डावर लिहून पाठवलेली फर्माइश. आणि त्या फर्माइशीचे सार्थक म्हणजे निवेदकाच्या तोंडून आपल्या गावाचे नाव एकदा उच्चारले जाणे. गावाचे नाव हवेत गेले, गावाचा आवाज मात्र गेला नाही.

ही गोष्ट आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्यात काही इतिहास दडलेला असेल अशी शंकाही येत नाही. रेडिओ म्हणजे एका ठिकाणाहून बोलणे आणि हजार ठिकाणी ऐकणे, हे आपण गृहीत धरलेले असते. वास्तविक रेडिओच्या यंत्रात असे काही नाही. बिनतारी यंत्रणेचा जन्म संवादासाठी झाला : जहाज आणि किनारा, ठाणे आणि ठाणे, माणूस आणि माणूस. बोलणारा एक आणि ऐकणारे अनेक ही वाटणी नंतरची आहे. आणि ती विज्ञानाने केलेली नसून परवाना, भांडवल आणि राजसत्ता यांनी केलेली आहे. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त याने १९३२ साली रेडिओविषयी जे विवेचन केले, त्याचा रोख नेमका हाच होता. रेडिओ हे वाटपाचे साधन न राहता संवादाचे साधन व्हावे, श्रोत्याला ऐकता येते तसे बोलताही यावे, अशी त्याची मागणी होती. वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही मागणी परिचित आहे. मात्र जगभर, आणि आपल्याकडेही, काही थोडी माणसे ती आपापल्या परीने प्रत्यक्षात जगत होती, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ही माणसे म्हणजे हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात, आणि त्यांची मंडळे.

'हौशी' या शब्दाविषयी थोडे बोलणे अप्रस्तुत होणार नाही. इंग्रजीतला 'अॅमॅच्युअर' हा शब्द 'प्रेम करणारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आपली 'हौस' फारसी-अरबीतल्या 'हवस'वरून आली. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ओढ आहे, मोबदला नाही. इंग्रजीत त्या शब्दाला पुढे कच्चेपणाची छटा चिकटली. मराठीत मात्र हौशी रंगभूमीमुळे या शब्दाला एक प्रतिष्ठा लाभली. आंतरराष्ट्रीय नियमांत हौशी रेडिओसेवेची जी व्याख्या आहे तीही याच अंगाने जाते : स्वतःचे शिक्षण, परस्परांशी संपर्क आणि तांत्रिक शोध यांसाठी, केवळ वैयक्तिक आवडीपोटी आणि आर्थिक लाभाविना केलेले काम. एखाद्या सरकारी व्याख्येत 'लाभाविना' हा शब्द अभिमानाने यावा, ही गोष्ट विरळाच म्हटली पाहिजे.

२

भारतातील प्रसारणाचा इतिहास सरकारने सुरू केला नाही, तो मंडळांनी सुरू केला. ऑगस्ट १९२१मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या मुंबईतील कचेरीतून टपाल व तार खात्याच्या साहाय्याने संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित करण्यात आला आणि तो तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी पुण्यात ऐकला. हा प्रयोग एका दिवसाचा होता. सातत्याने काही घडू लागले ते १९२३पासून. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याच्या क्लबने तेच केले. आणि ३१ जुलै १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लबचे प्रक्षेपण सुरू झाले.

आजच्या दृष्टीने ही केंद्रे अगदीच किरकोळ. प्रक्षेपक लहान, कार्यक्रम तुरळक, श्रोते म्हणजे बहुधा मंडळाचे सभासदच. पण ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. या मंडळांत बोलणारे आणि ऐकणारे असे दोन वर्ग अजून पडलेले नव्हते. जो यंत्र जोडत होता तोच ऐकत होता. जो आज ऐकत होता तो उद्या ध्वनिग्राहकासमोर उभा राहू शकत होता. वर्गणीवर चालणारी वाचनालये, हौशी नाटकमंडळ्या, वसंत व्याख्यानमाला यांच्याशी या क्लबांचे नाते जवळचे आहे. अर्थात सभासद कोण होते हेही विसरता कामा नये. महागडी यंत्रे बाळगणारे युरोपीय अधिकारी, पारशी व इतर व्यापारी, थोडे अभियंते. 'आपण' या शब्दाचा परीघ फार लहान होता. परंतु त्या लहान परिघात का होईना, संवाद होता.

मद्रासच्या क्लबला पैशांअभावी १९२७मध्ये काम थांबवावे लागले आणि आपला प्रक्षेपक तिथल्या महापालिकेच्या हवाली करावा लागला. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. महिन्याभराने कलकत्त्याचे झाले. दीड किलोवॉटचे प्रक्षेपक. खात्रीने ऐकू येण्याची मर्यादा तीसेक मैलांची. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवानाशुल्क भरायचे आणि ऐकायचे. इथे ती वाटणी प्रथम स्पष्ट होते. सभासदाचा आता ग्राहक झाला होता. कंपनी १९३०मध्ये बुडाली, सरकारने ती केंद्रे हाती घेतली आणि ८ जून १९३६ रोजी त्या व्यवस्थेला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव मिळाले. ग्राहकाचा आता प्रजाजन झाला.

'आकाशवाणी' हे नाव मात्र सरकारचे नव्हे, हे या संदर्भात आवर्जून सांगितले पाहिजे. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी सप्टेंबर १९३५मध्ये आपल्या घरी लहानसे केंद्र उभारले, त्याला हे नाव दिले गेले होते. एका शिक्षकाच्या हौसेतून निघालेला शब्द पुढे, १९५७ साली, राष्ट्रीय प्रसारणसंस्थेने स्वीकारला. मुंबईत आज 'रेडिओ क्लब' म्हटले की अपोलो बंदराजवळचा समुद्रकाठचा क्लब डोळ्यांसमोर येतो. नावात रेडिओ उरला, एवढेच. एकीकडे हौशी माणसाचा शब्द सरकारी झाला, दुसरीकडे हौशी माणसांचे नाव करमणुकीच्या जागेला चिकटले. नावांचाही इतिहास असतो आणि तो पुष्कळदा असा परस्परविरुद्ध दिशांनी जातो.

३

प्रसारण असे मंडळांच्या हातून निसटत असताना दुसरी परंपरा, म्हणजे व्यक्ती आणि व्यक्ती यांच्यातील बिनतारी संवादाची, शांतपणे चालू होती. या मंडळींना सार्वजनिक कार्यक्रम करायचे नव्हते. त्यांना दूरच्या अनोळखी माणसाशी बोलायचे होते. भारतीय हौशी चालकांच्या संकेतनामांच्या आरंभी येणारी 'व्हीयू' ही अक्षरे १९२९च्या सुमारास रूढ झाली. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू होताच नवे परवाने थांबले आणि जुन्या परवानाधारकांना आपापली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे हुकूम निघाले. कारण उघड होते. ज्याला ऐकता येते तो निरुपद्रवी. ज्याला बोलता येते तो धोक्याचा. सरकारला ब्रेख्त वाचण्याची गरज नव्हती.

हुकमाचा अर्थ १९४२मध्ये कळला. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे तरुण सहकारी यांनी मुंबईत भूमिगत रेडिओकेंद्र काढायचे ठरवले. पैसा जमवणारे विठ्ठलदास खाकर ऊर्फ बाबूभाई, सोबत विठ्ठलदास झवेरी आणि चंद्रकांत झवेरी. पाठीशी राममनोहर लोहियांसारखे भूमिगत नेते. पण निर्धाराने प्रक्षेपक तयार होत नाही. तो तयार करण्यासाठी ज्याला ते काम येते असा माणूस लागतो, आणि असे माणूस हौशी रेडिओच्या जगातच होते. नरिमन प्रिंटर हे अशा हौशी चालकांपैकी एक. शिकागो रेडिओचे नानक मोटवाने यांच्याकडून साहित्याचे साहाय्य झाल्याचा आरोप पुढे खटल्यात आला.

ऑगस्टच्या अखेरीस, चौपाटीजवळच्या 'सी व्ह्यू' इमारतीतून 'काँग्रेस रेडिओ'चे प्रक्षेपण सुरू झाले. लहर होती ४२.३४ मीटर. या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. ४२.३४ मीटर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजेच हौशी चालकांचा जुना, परिचित, 'चाळीस मीटर' म्हणून ओळखला जाणारा पट्टा. युद्धाच्या हुकमाने भारतातल्या हौशी मंडळींचे आवाज ज्या पट्ट्यातून पुसले गेले होते, त्याच पट्ट्यात हा निषिद्ध आवाज उमटला. इतिहासकार या केंद्राकडे स्वातंत्र्यलढ्याचे एक पर्व म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. परंतु रेडिओच्या अंगाने पाहिले तर हा त्या जप्त केलेल्या कौशल्याचा प्रतिसादही आहे. यंत्रे जमा करून घेता येतात. यंत्र जोडणाऱ्या बोटांना ते ज्ञान विसरायला लावता येत नाही.

आणि हा आवाज काय सांगत होता? इतर बातम्यांबरोबर आष्टी आणि चिमूरच्याही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी विदर्भातल्या या दोन गावांत जे घडले, तो लोकांचा उठाव, गोळीबार आणि त्यानंतर चिमूरमध्ये लष्कराने केलेले अत्याचार, ते वृत्तपत्रांना मोकळेपणी छापता येत नव्हते. वऱ्हाड-नागपूरच्या इतिहासात या दोन गावांचे स्थान सर्वांना ठाऊक आहे. त्यांची हकिकत मुंबईतल्या एका भाड्याच्या खोलीतून हवेत सोडली जात होती, ही बाब तितकीशी लक्षात राहत नाही. लेखाच्या आरंभी म्हटले की आमच्याकडच्या गावाचे नाव हवेत जाई, आवाज जात नसे. १९४२मध्येही तसेच झाले. तरी फरक आहे. फर्माइशीत उच्चारले जाणारे नाव ही कृपा असते. त्या वेळी उच्चारलेले नाव ही साक्ष होती.

तंत्राच्या दृष्टीने पाहता चाळीस मीटरची लहर चारशे-पाचशे किलोमीटरांचे अंतर सहज कापते. मुंबई ते मेहकर हे सरळ रेषेतले अंतर चारशेच्या आसपासच आहे. लघुलहरींचा ग्राहक ज्याच्या घरी होता आणि काटा तिथवर फिरवण्याचे धैर्य ज्याच्यापाशी होते, त्याला वऱ्हाडातही तो आवाज ऐकणे शक्य होते. पण असे ग्राहक किती? पाच वर्षांनी, स्वातंत्र्याच्या वेळीही, साऱ्या देशात पावणेतीन लाखांच्या आसपास रेडिओसंच होते आणि आकाशवाणीची केंद्रे सहा. त्यांपैकी एकही मध्यप्रांत-वऱ्हाडात नव्हते. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ला सुरू झाले.

जागा बदलत बदलत चाललेले हे केंद्र १२ नोव्हेंबर १९४२च्या रात्री महालक्ष्मीजवळच्या 'पॅराडाइज' बंगल्यात पोलिसांनी पकडले. फितुरी तांत्रिक बाजूने झाली. विशेष न्यायालयाने बाबूभाईंना पाच, उषाबेनना चार आणि चंद्रकांत झवेरींना एक वर्षाची शिक्षा दिली. विठ्ठलदास झवेरी आणि मोटवाने सुटले. उषा मेहता १९४६ साली बाहेर आल्या आणि पुढचे आयुष्य त्यांनी राज्यशास्त्राच्या अध्यापनात व मणिभवनाच्या कामात घालवले. १९९८मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. ११ ऑगस्ट २००० रोजी त्या निवर्तल्या.

एक गोष्ट मात्र अभ्यासकाने ध्यानात घेण्यासारखी आहे. काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले हे आज आपल्याला विस्ताराने कळते ते मुख्यतः पोलिसांनी ऐकून, टिपून ठेवलेल्या नोंदींमुळे. उषा ठक्कर यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या या केंद्राच्या इतिहासालाही अशा कागदपत्रांचा आधार आहे. त्या आवाजाचा सर्वांत चिकाटीचा श्रोता सरकार होते. ज्या सत्तेने आवाज बंद केला तिनेच तो जपला. दप्तरखान्यांच्या इतिहासातला हा विरोधाभास साहित्याच्या विद्यार्थ्यांना नवा नसावा. जप्त पुस्तकांच्या बाबतीतही असेच घडलेले आहे.

४

महायुद्ध संपल्यावर परवाने पुन्हा मिळू लागले. १५ मे १९४८ रोजी महू येथील सैन्याच्या सिग्नल्स विद्यालयात 'अॅमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया'ची स्थापना झाली. पुढे दिल्लीला गेल्यावर, १९५४मध्ये, ती 'अॅमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया' झाली. सैन्याने मोडीत काढलेल्या यंत्रांचे भाग, निर्वात नळ्या, हाताने गुंडाळलेली वेटोळी यांवर ही हौस जगत होती. १९७०पर्यंत साऱ्या देशात हजारही चालक नव्हते. परीक्षा इंग्रजीत, साहित्य महाग, मोर्सचा सराव सक्तीचा. लहान गावातल्या माणसाला या जगाचे दार दिसतही नव्हते.

पण याच काळात महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग झाला आणि हौशी मंडळांच्या इतिहासाशेजारी तो ठेवून पाहिला पाहिजे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने, युनेस्कोच्या साहाय्याने, पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळे उभी केली. कल्पना कॅनडातली, रूप मात्र इथले. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे मंडळ, एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायचा. मग संच बंद करायचा आणि बोलायचे. शेती, आरोग्य, शिक्षण, गावकारभार. चर्चेत निघालेले प्रश्न पुण्याला कळवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून यायची. असे एकूण वीस कार्यक्रम झाले.

'संच बंद करायचा आणि बोलायचे' या एका वाक्यात या प्रयोगाचे मर्म आहे. इथे प्रक्षेपक गावाच्या हाती नव्हता, परवाना नव्हता, तांत्रिक ज्ञान नव्हते. तरी ऐकणे हे बोलण्याचे निमित्त झाले होते आणि बोलणे पोस्टाने का होईना केंद्रापर्यंत परत जात होते. मुंबईच्या १९२३च्या क्लबातला सभासद जणू तीन दशकांनी खेड्यात, घोंगडीवर मांडी घालून बसलेला दिसतो. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली. मंडळे असलेली गावे आणि नसलेली गावे यांची तुलना करता मंडळांच्या गावांत जाण लक्षणीय वाढल्याचे आढळले. नुसता आवाज पोचणे आणि त्या आवाजाभोवती माणसे जमणे यांत काय फरक पडतो, याचा तो पुरावा होता.

पाहणीचा अहवाल १९५९मध्ये युनेस्कोने प्रसिद्ध केला, त्यावर दोन नावे आहेत. एक जगदीशचंद्र माथुर : आकाशवाणीचे तत्कालीन महासंचालक, आणि 'कोणार्क' या हिंदी नाटकाचे लेखक. दुसरे पॉल न्यूराथ : व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ, तत्त्वचिंतक ऑटो न्यूराथ यांचे पुत्र, दाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांतून वाचलेले गृहस्थ. ज्याने माणसांचा आवाज पूर्णपणे हिरावून घेतलेला पाहिला होता, तो मराठी खेड्यांत माणसे एकमेकांशी कशी बोलतात याच्या नोंदी घेत होता. यावर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला आणखी एक योग चकित करील. १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६ या वर्षात याच पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण दर आठवड्याला प्रसारित होत होते. म्हणजे शेतकरी मंडळांचा सारा काळ गीतरामायणाच्या शेवटच्या महिन्यांशी समांतर जातो. आणि व्यंकटेश माडगूळकर, 'बनगरवाडी'चे लेखक, याच सुमारास त्या केंद्राच्या ग्रामीण विभागात काम करू लागले होते. गीतरामायणावर आपल्याकडे उदंड लिहिले गेले. त्याच लहरीवरून त्याच महिन्यांत चाललेल्या शेतकरी मंडळांवर मराठी समीक्षेने जवळजवळ काही लिहिलेले नाही. एकाला आपण साहित्य म्हटले, दुसऱ्याला विकासयोजना. ऐकण्याच्या दोन तऱ्हा होत्या : एक हात जोडून, दुसरी हात वर करून. दोन्ही तऱ्हा आपल्या परंपरेतल्याच आहेत. कीर्तनात आपण ऐकतो. भारुडात आणि सवाल-जवाबात उत्तर देतो.

त्या प्रयोगात वऱ्हाड नव्हते, असूही शकत नव्हते. १९५६च्या वसंतात बुलढाणा जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता. १९५९पासून ही मंडळे देशभर काढण्यात आली. पण योजना जितकी पसरली तितकी ती पातळ होत गेली. संच नादुरुस्त राहिले, उत्तरे येईनाशी झाली, आणि चर्चा संपून श्रवण तेवढे उरले. साठच्या दशकाअखेरीस ट्रान्झिस्टर घरोघर आला. चावडीवरचा रेडिओ खिशात आला आणि त्याच्याभोवती जमण्याचे कारणच नाहीसे झाले. सोय वाढली, सभा मोडली.

५

हौशी चालकांच्या जगात मात्र सभा मोडली नाही, कारण ती त्या यंत्राच्या स्वभावातच होती. एकट्याला हॅम होता येत नाही. समोर दुसरा लागतोच. या मंडळींच्या एकत्र येण्याच्या रीती पाहण्यासारख्या आहेत. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लहरीवर भरणाऱ्या बैठकीला ते 'नेट' म्हणतात. एक जण सूत्रधार. तो हजेरी घेतो. प्रत्येकाने आपले संकेतनाम सांगायचे, आपला अनुक्रम येईपर्यंत थांबायचे, बोलून झाले की लहर मोकळी करायची. एकाच वेळी दोघे बोलले तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. त्यामुळे सभ्यता हा इथे शिष्टाचार नसून पदार्थविज्ञान आहे. आपल्या साहित्यसंमेलनांना हा नियम लावता आला असता तर बरे झाले असते, असे क्षणभर मनात येते. असो.

वर्षानुवर्षे फक्त आवाजाने ओळखणारे लोक प्रत्यक्ष भेटतात तेव्हा त्या भेटीला 'आयबॉल' म्हणतात, मोठ्या मेळाव्याला 'हॅमफेस्ट'. लपवून ठेवलेला लहान प्रक्षेपक दिशादर्शक अँटेनाने शोधण्याच्या खेळाला 'फॉक्स हंट'. संभाषण झाल्याचा पुरावा म्हणून टपालाने पाठवायच्या पत्रिकेला 'क्यूएसएल'. निरोपाच्या शुभेच्छांना 'सेव्हन्टी थ्री'. आणि जो चालक मरण पावला त्याला म्हणतात 'सायलेंट की' : निःशब्द झालेली कळ. तारेच्या कळीवर बोट ठेवून बोलणाऱ्यांच्या भाषेतून आलेला हा शब्दप्रयोग. जुने चालक सांगतात की मोर्समध्येही प्रत्येकाचा 'हात' वेगळा असतो. ठिपके-रेघांच्या लयीवरून माणूस ओळखू येतो. भारतातील सार्वजनिक तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. त्या लयीची जिवंत आठवण आता प्रामुख्याने या हौशी मंडळींकडेच आहे.

या जगाला कडक बंधने आहेत. व्यापार नाही, जाहिरात नाही, जनतेसाठी प्रसारण नाही, गुप्त सांकेतिक भाषा नाही. परवानाधारकाने परवानाधारकाशीच बोलायचे आणि प्रत्येक संभाषणाची नोंदवही ठेवायची. १९४२ची सावली या नियमांवर आहे असे म्हटले तर ते अगदीच चुकीचे होणार नाही. पण हे नियम कमीअधिक प्रमाणात जगभर तेच आहेत. परिणामी बोलण्याचे विषय साधे उरतात : हवामान, अँटेना, आवाज कसा येतो आहे. आशय इतका थोडा असताना माणसे तासन् तास बोलतात, यावरून संवादाचे मूल्य आशयात कमी आणि संपर्कात अधिक असते की काय, असा प्रश्न समीक्षकाने स्वतःला विचारायला हरकत नाही.

तो संपर्कच कधी कधी सर्वस्व ठरतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, २००१मध्ये भूजचा. दोन्ही वेळी हौशी चालक मदतीला गेले. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या चमूसह हौशी रेडिओच्या मोहिमेसाठीच पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. हौसेसाठी नेलेली यंत्रे त्या दिवसापासून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीकडे पोचवू लागली. ५ मे २००५ रोजी इस्रोने पीएसएलव्ही-सी६मधून 'हॅमसॅट' हा साडेबेचाळीस किलोंचा उपग्रह खास हौशी चालकांसाठी सोडला. तो २०१४पर्यंत चालला. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडवलेला सुमारे एक किलोचा 'स्वयम्' अवकाशात गेला. निरोपांची देवाणघेवाण हेच त्याचे काम. उपग्रहाच्या नावातच 'स्वतः' आहे, हे हौशी परंपरेला शोभणारेच झाले.

६

या लेखाचा हेतू हौशी रेडिओची महती गाणे हा नाही. आज प्रत्येकाच्या खिशात बोलण्याचे आणि ऐकण्याचे यंत्र आहे. ब्रेख्तची मागणी वरवर तरी पूर्ण झाली आहे. मग या जुन्या मंडळांकडे वळून का पाहावे? त्याची दोन कारणे देता येतील.

पहिले असे की, बोलण्याची सोय आणि संवाद या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या इतिहासातून दिसते. १९२३च्या क्लबांत सोय अल्प आणि संवाद पुष्कळ होता. १९५६च्या गावांत बोलण्याचे यंत्रच नव्हते, तरी संवाद होता. आज सर्व जण एकाच वेळी बोलत असलेल्या लहरीवर आपण आहोत, आणि हजेरी घेणारा सूत्रधार नाही.

दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. काँग्रेस रेडिओचे शब्द पोलिसांनी जपले. शेतकरी मंडळांची हकिकत युनेस्कोच्या इंग्रजी अहवालात उरली. हौशी चालकांच्या नोंदवह्या आणि क्यूएसएल पत्रिका मात्र कोणी जपायच्या? कळ निःशब्द झाली की त्या वह्या घरच्यांना अडगळ वाटतात. तारीख, वेळ, लहर, संकेतनाम अशा रुक्ष रकान्यांत कोणाला काय दिसणार? आणि ज्यांनी गावोगावी रेडिओभोवती बसून चर्चा केली, फर्माइशी लिहिल्या, श्रोतामंडळे काढली, त्यांच्याकडे तर वहीसुद्धा नाही. आठवण तेवढी आहे, आणि त्या आठवणीचे धनी आता सत्तरी-ऐंशीत आहेत. आपण बखरी शोधल्या, ओव्या गोळा केल्या, शाहिरांच्या कवनांची हस्तलिखिते माळ्यांवरून उतरवली. विसाव्या शतकातल्या खेड्याने काय ऐकले आणि त्यावर काय म्हटले, याचे संकलन करणे हे त्याच कामाचे पुढचे पाऊल आहे. त्यासाठी मोठ्या प्रकल्पाची आवश्यकता नाही. महाविद्यालयातल्या मराठीच्या एका वर्गाने आपल्या तालुक्यातल्या दहा वृद्धांना 'तुम्ही काय ऐकत होता आणि ऐकून झाल्यावर काय बोलत होता' एवढे दोन प्रश्न विचारले तरी आरंभ होईल.

डोणगावसारख्या गावाचे नाव रेडिओवर किती वेळा घेतले गेले असेल, याची मोजदाद आता होणे नाही. गावाने काय उत्तर दिले, हे मात्र अजून विचारता येण्यासारखे आहे. हौशी चालक अनोळखी लहरीवर गेला की प्रथम विचारतो : इथे कोणी आहे का? आणि मग तो बोलत नाही, थांबतो, ऐकतो. इतिहासलेखकानेही आधी तेच करायचे असते.